प्रतिपिंडं सापडली, पुढे काय? डिस्टेंपरचे निबंध वाचताना

"सातारा व सांगली जिल्ह्यांतील अमुक प्राण्यांमधील तमुक रोगाचा प्रादुर्भाव : एक अभ्यास." या साच्यातलं शीर्षक तुमच्यापैकी निम्म्यांच्या सिनॉप्सिसवर आहे किंवा येणार आहे. प्राणीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पशुवैद्यक, काहीही असो. शे-दीडशे नमुने गोळा करायचे, बाजारात मिळणारं किट वापरून रक्तात प्रतिपिंडं आहेत का बघायचं, तालुकावार टक्केवारी काढायची, कायस्क्वेअर लावायची, संपलं. विषय वाईट नाही. पण त्या टक्केवारीचा अर्थ काय, हा प्रश्न मौखिक परीक्षेत कोणी विचारला की बरेच जण "म्हणजे रोगाचं प्रमाण तेवढं आहे" असं सांगून मोकळे होतात. ते उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. का, ते आज एका निबंधाच्या आधाराने बघू.

निबंध २०१४ चा आहे, 'ट्रान्सबाउंडरी अँड इमर्जिंग डिसीजेस' या नियतकालिकातला. लेखक अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर. अभ्यासाची जागा सोलापूरचं माळढोक अभयारण्य, म्हणजे नान्नजचा परिसर. सातारा-सांगलीच्या वाचकांना ही जागा परकी वाटायचं कारण नाही. माणची हद्द माळशिरसला लागते, आटपाडीची सांगोल्याला, जतची सांगोला-मंगळवेढ्याला. तोच कमी पावसाचा पट्टा, तेच माळरान, तीच मेंढरं, आणि त्याच वाडीवस्तीवर अर्धवट पाळलेली, अर्धवट मोकाट कुत्री. खोकडही तेच. (खोकड आणि कोल्हा यांत गोंधळ करू नका. खोकड लहान असतं, माळावर बिळात राहतं, शेपटीचं टोक काळं. निबंधात आहे ते खोकड.)

त्यांनी २१९ कुत्री आणि ३३ खोकडं यांच्या रक्तात तीन विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं तपासली : पार्व्हो, डिस्टेंपर आणि अ‍ॅडिनो. कुत्र्यांमध्ये पार्व्होची प्रतिपिंडं ८८ टक्क्यांहून अधिक, डिस्टेंपरची ७२ टक्क्यांहून अधिक, अ‍ॅडिनोची ७१ टक्के. खोकडांमध्ये पार्व्हो ४८, डिस्टेंपर १८ आणि अ‍ॅडिनो ५२ टक्के.

आता इथे थांबा आणि स्वतःशी निष्कर्ष काढा. वहीत लिहा हवं तर.

बहुतेकांचा पहिला निष्कर्ष असा असतो : कुत्र्यांमध्ये डिस्टेंपर भयंकर आहे, खोकडांमध्ये त्या मानाने बराच कमी. तेव्हा कुत्र्यांना लस द्या, खोकडं वाचतील. ऐकायला अगदी सरळ. पण याच आकड्यांवरून निबंध जवळजवळ उलट्या जागी पोचतो, आणि मला तो आवडतो तो त्यासाठीच.

आधी डिस्टेंपरबद्दल थोडं. हा गोवराचा भाऊबंद. गोवर, गुरांची बुळकांडी, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हे चारही विषाणू एकाच कुळातले, मॉर्बिली गटातले. गोवर हा बुळकांडीच्याच पूर्वजापासून फुटून माणसात आला असं मानतात. बर्लिनमध्ये जपून ठेवलेल्या, १९१२ साली गोवराने दगावलेल्या एका बाळाच्या फुप्फुसातून विषाणूचा जनुकक्रम काढून २०२० मध्ये एका गटाने हिशोब मांडला, की ही फारकत इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपास झाली असावी. आपल्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना बुळकांडी अजून आठवते. गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. जगातून ती २०११ मध्ये संपल्याचं जाहीर झालं. माणसातली देवी सोडली तर असा पुरता संपवलेला दुसरा रोग नाही.

या नात्याचा एक व्यवहारातला पुरावा सांगतो. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत डिस्टेंपरची लस नीट लागत नाही. म्हणून एके काळी पशुवैद्य लहान पिल्लांना चक्क गोवराची लस द्यायचे. आईकडून आलेली प्रतिपिंडं गोवराच्या लसीला तेवढी अडवत नाहीत आणि मिळणारं संरक्षण डिस्टेंपरलाही चालतं. माणसाला मात्र डिस्टेंपर होत नाही. कुत्र्याच्या नाका-डोळ्यांतून पाणी वाहतंय, खोकला आहे, नंतर झटके येताहेत, तर ते घरातल्या पोराला होईल का, ही भीती खेडोपाडी असते. डिस्टेंपरपुरती ती निराधार आहे. खरा धोका वेगळाच आहे : झटके येणारं, माणसाची भीती हरवलेलं खोकड किंवा कुत्रं डिस्टेंपरचं की रेबीजचं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. गावात दोन्हीला शब्द एकच, पिसाळलेलं. चावलं असेल तर ते रेबीजच धरून दवाखाना गाठायचा. "डिस्टेंपर असेल" म्हणून वाट बघायची नाही.

पण माकडांचं उदाहरण मन अस्वस्थ करतं. चीनमध्ये ग्वांगशी प्रांतात ऱ्हीसस माकडांच्या पैदास केंद्रात २००६ पासून डिस्टेंपर शिरला आणि हजारो माकडं आजारी पडली. म्हणजे हा विषाणू वानरवर्गाच्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे. माणसांमध्ये गोवराची लस आणि गोवर होऊन गेल्याची प्रतिकारशक्ती यांचं कुंपण आहे, म्हणून आपण निवांत आहोत. उद्या गोवर संपला आणि लस थांबवली तर काय, असा प्रश्न विषाणूशास्त्रज्ञ विचारतात तो उगाच नाही.

आता नान्नजकडे परत.

प्रतिपिंडं म्हणजे रोग नव्हे. ती रोग येऊन गेल्याची पावती आहे. पावती कोणाकडे असते? जो जगला त्याच्याकडे. नान्नजच्या ७० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांच्या रक्तात डिस्टेंपरची प्रतिपिंडं होती याचा अर्थ ती आजारी होती असा नाही. पूर्वी कधीतरी लागण होऊन ती तगली असा आहे. आणि डिस्टेंपरमधून बरं झालेलं जनावर सहसा पुन्हा त्या रोगाला बळी पडत नाही. म्हणजे ही कुत्री विषाणूच्या दृष्टीने बंद दारं आहेत. पुढचा प्रसार ती करणार नाहीत.

मग लस देऊन काय होईल? तुम्ही गावात शिबिर लावलं, १०० कुत्री धरली. त्यातली सत्तर तरी आधीच सुरक्षित. त्यांना टोचलेली लस वाया. शिबिरात सापडतात तीही बहुतेक मोठी, कोणाच्या तरी दारात भाकरी खाणारी, दोरी बांधून आणता येणारी. विषाणूला हवी असलेली कुत्री म्हणजे उकिरड्यामागे, कडब्याच्या गंजीखाली जन्मलेली दोन-तीन महिन्यांची पिल्लं. ती शिबिरात येतच नाहीत. लेखकांचा निष्कर्ष हाच आहे : आधीच प्रतिकारशक्ती असलेल्या या गटाला लस दिल्याने गटाची प्रतिकारशक्ती फारशी वाढत नाही, सामूहिक संरक्षणातही भर पडत नाही. वन्यजीव वाचवायला सरसकट कुत्र्यांचं लसीकरण, असा कार्यक्रम आखणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

कृपया हा निष्कर्ष रेबीजला लावू नका. मला हे दोनदा सांगावंसं वाटतं, कारण "संशोधनच म्हणतं कुत्र्यांना लस देऊन उपयोग नाही" असं अर्धवट वाक्य फार लवकर पसरतं. रेबीज झालेलं कुत्रं मरतं. पावती घेऊन फिरणारं कोणी उरत नाही. त्यामुळे गावातल्या कुत्र्यांमध्ये रेबीजची जी काही प्रतिकारशक्ती आहे ती जवळजवळ सगळी लसीनेच आलेली असते, आणि मोठ्या कुत्र्याला दिलेली प्रत्येक मात्रा हिशोबात धरली जाते. साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर साखळी तुटते, हे जगभरच्या अनुभवावर उभं आहे. कुत्रं तेच, सुई तीच, पण रोग बदलला की गणित बदलतं.

कुत्र्यांच्या बाबतीत निबंध आणखी एक गोष्ट नीट करतो : वय बघतो. मोठ्या कुत्र्यांत प्रतिपिंडांचं प्रमाण पिल्लांपेक्षा लक्षणीय जास्त, नमुने घेण्याच्या प्रत्येक फेरीत प्रमाण चढंच, आणि लस न दिलेल्या काही कुत्र्यांमध्ये अभ्यास चालू असतानाच प्रतिपिंडं नव्याने तयार झालेली. या तीन गोष्टी मिळून सांगतात की विषाणू गावात कायम मुक्कामाला आहे, थोडा थोडा सतत फिरतो आहे. समजा तीन वर्षांपूर्वी एकच साथ येऊन गेली असती, तर काय दिसलं असतं? तीन वर्षांवरची बहुतेक कुत्री पॉझिटिव्ह आणि त्याखालची जवळजवळ कोरी. एकूण टक्केवारी कदाचित तेवढीच आली असती, अर्थ मात्र वेगळा. म्हणून तुमच्या तक्त्यात वयाचा रकाना नसेल तर तालुकावार टक्केवारी कितीही दशांशापर्यंत काढा, ती मुकी राहते. सिनॉप्सिसमध्ये "वय" लिहिलेलं असतंच, पण प्रत्यक्षात वहीत "लहान / मोठे" एवढंच भरलेलं असतं. दात बघायला शिका. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा जवळच्या कुठल्याही दवाखान्यात कोणीतरी एका दुपारीत शिकवेल.

आता खोकडांचे १८ टक्के. या आकड्याशी मला सगळ्यात जास्त वेळ घालवावासा वाटतो.

३३ खोकडांचे १८ टक्के म्हणजे ६ खोकडं. एवढ्या लहान नमुन्यावर ९५ टक्के विश्वासाचा पल्ला काढला तर तो साधारण ९ पासून ३४ टक्क्यांपर्यंत पसरतो. दहातलं एक की तीनातलं एक, हेही ठाम सांगता येत नाही. पण ते जाऊ द्या. समजा अचूक १८ टक्केच आहेत. अ‍ॅडिनो ५२ आणि डिस्टेंपर १८, तर डिस्टेंपर कमी फिरतो का?

दोन वेगळ्या गोष्टी हाच आकडा देऊ शकतात. एक, खोकडांपर्यंत डिस्टेंपर फार पोचलेलाच नाही. दोन, पोचतो, पण ज्यांना होतो ती मरतात. मेलेलं खोकड पिंजऱ्यात येत नाही आणि रक्त देत नाही. दुसऱ्या शक्यतेत रोग जितका जीवघेणा तितकी टक्केवारी कमी. म्हणजे कमी आकडा ही आनंदाची बातमी असेल किंवा सगळ्यात वाईट, आणि नुसत्या आकड्यावरून ते कळणार नाही. जी खोकडं रक्त द्यायला हजर होती त्यांच्यावरूनच आपण सगळ्यांबद्दल बोलतोय, गैरहजर कोण हे विचारलंच नाही.

बेलसरे आणि मंडळींनी रक्त घेऊन काम संपवलं नाही, पुढे काय झालं याची नोंद ठेवली. ज्या खोकडांच्या रक्तात डिस्टेंपरची लागण त्या वेळी चालू असल्याची चिन्हं होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण मोठं निघालं. या एका नोंदीमुळे १८ टक्क्यांचं वाचन बदलतं. ती नसती तर हा निबंध "खोकडांमध्ये डिस्टेंपरचा प्रादुर्भाव कमी" या वाक्यावर संपला असता, आणि संदर्भ म्हणून पन्नास ठिकाणी तसाच फिरला असता.

निबंधाच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर ही परीक्षण कसली, आरतीच होईल. कुत्र्यांकडून खोकडांकडे विषाणू गेला का, याचं उत्तर इथे नाही. दोघांच्या रक्तात एकाच विषाणूची प्रतिपिंडं आहेत, एवढंच कळतं. प्रतिपिंडांवर "कुत्र्याकडून आलो" असा शिक्का नसतो. त्यासाठी दोन्ही प्राण्यांतून विषाणूच मिळवून त्यांचे जनुकक्रम ताडून बघावे लागतात. लेखक याबाबत जपून बोलतात, कुत्री भूमिका बजावत असू शकतात एवढंच म्हणतात. त्यांचा निबंध वापरणारे तेवढं जपत नाहीत. दुसरं, लसीबद्दलचा निष्कर्ष मोठ्या झालेल्या, प्रतिकारशक्ती असलेल्या गटाबद्दल पक्का आहे. पिल्लांचं काय, दर वर्षी नव्याने जन्मणाऱ्या कोऱ्या पिढीला गाठता आलं तर काय, हा दरवाजा मला अजून उघडा वाटतो. गावकुत्री फार जगत नाहीत, पिढी झपाट्याने बदलते. आजचे सत्तर टक्के पुढच्या चार वर्षांत कायम राहतील ते केवळ विषाणू फिरत राहिला म्हणूनच. आणि तिसरं, हे सगळं माळरानाचं आहे. ते उचलून कोयनेच्या जंगलात ठेवता येत नाही.

कोयनेचं नाव घेतलं कारण आपल्या दोन जिल्ह्यांत खरी घाई तिकडे आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वाघ बाहेरून आणून वाढवण्याचे प्रयत्न आहेत. कोळसून आहेत, बिबटे आहेत, आणि बिबटे तर कराड-शिराळ्याच्या उसातही आहेत. बिबट्या कुत्रं खातो हे गावात सगळ्यांना माहीत आहे. अकोले तालुक्यातल्या विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तेव्हा डिस्टेंपरचं बोट कुत्र्यांकडे आपोआप वळतं.

गीरची आठवणही ताजी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये दलखाणिया भागात २३ सिंह दगावले. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे आले, आणि तिथे डिस्टेंपरचा विषाणूच सापडला, त्याचा जनुकक्रम निघाला. हा पुरावा प्रतिपिंडांच्या पुराव्यापेक्षा वेगळ्या जातीचा. नान्नजमध्ये पावत्या सापडल्या होत्या. गीरमध्ये चोर हातात सापडला. दोन्हीला एकाच वाक्यात "डिस्टेंपर आढळला" म्हणणं हा आळस आहे.

पण सिंहांची सगळ्यात शिकवणारी गोष्ट सेरेंगेटीची. १९९४ मध्ये टांझानियाच्या त्या जंगलात डिस्टेंपरने सुमारे एक तृतीयांश, म्हणजे अंदाजे हजार सिंह गेले. सगळ्यांनी भोवतालच्या गावातली कुत्री पकडली. पुढे जुने साठवलेले रक्ताचे नमुने तपासले तेव्हा दिसलं की हाच रोग त्याआधी आणि नंतरही सिंहांमधून अनेकदा गुपचूप जाऊन आला होता, कोणाला पत्ताही न लागता. मग १९९४ मध्येच एवढे का मेले? लिंडा मन्सन आणि सहकाऱ्यांचं २००८ मधलं उत्तर : दुष्काळ. दुष्काळाने म्हशी खंगल्या, त्यांच्या अंगावर गोचिडांचा सुळसुळाट झाला, त्या म्हशी खाणाऱ्या सिंहांना गोचिडांमार्फत बॅबेशिया झाला आणि डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती ढासळलेली असताना या दुसऱ्या रोगाने त्यांना संपवलं. इथे खोकडांच्या उलट चित्र आहे बघा. सिंहांमध्ये प्रतिपिंडं मोठ्या प्रमाणावर असणं म्हणजे रोग सौम्यपणे जाऊन आला. खोकडांमध्ये ती कमी असणं म्हणजे कदाचित रोगाने मारलं. आकडा एकटा काहीच सांगत नाही.

कुत्र्यांना लस दिल्यावर काय झालं? सेरेंगेटीभोवती वर्षानुवर्षं कुत्र्यांचं लसीकरण झालं. २०१५ मध्ये मफाल्दा व्हियाना आणि इतरांनी तीस वर्षांची आकडेवारी मांडून दाखवलं, की कुत्र्यांमधली लागण कमी झाली तरी सिंहांमधली थांबली नाही. म्हणजे आणखी कोणीतरी प्राणी विषाणू सांभाळून आहेत. रशियाच्या सैबेरियन वाघांबद्दल मार्टिन गिल्बर्ट यांच्या २०२० च्या निबंधाचा रोखही तोच : तिथे मुख्य स्रोत कुत्री नसून रानातले इतर मांसाहारी प्राणी, तेव्हा लस द्यायची तर वाघांनाच द्यावी. कुत्र्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं सोपं असतं, कारण ती दिसतात. उदमांजर दिसत नाही.

हीच सवय आपल्या घाटावरच्या एका निबंधाच्या बाबतीत माणसांच्या भीतीशी येऊन भिडली. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या तोंडावर, राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या पथकाने महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली. त्यात फळं खाणारी रूसेटस जात होती आणि कीटक खाणारी छोटी पिपिस्ट्रेल. दोन्हींत निपाहविरोधी प्रतिपिंडं दिसली. निपाहही डिस्टेंपर आणि गोवराच्याच मोठ्या कुटुंबातला, पॅरामिक्सो घराण्यातला. निबंध २०२१ मध्ये आला, कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत असताना. मथळे काय आले असतील, तुम्हीच आठवा : महाबळेश्वरच्या वटवाघळांत निपाह सापडला.

निबंधाच्या शीर्षकात एक शब्द आहे जो बहुतेक मथळ्यांत नव्हता. 'संभाव्य'. संभाव्य निपाह लागण. हा शब्द तिथे शोभेला नाही. निपाहसारखेच दिसणारे त्याचे नातेवाईक विषाणू आहेत, आणि प्रतिपिंडांची चाचणी नात्यातल्या विषाणूवरही होकार देऊ शकते. वटवाघळांमध्ये अजून नावही न दिलेले असे किती विषाणू असतील सांगता येत नाही. (निबंधात इतर तपासण्याही आहेत, मी इथे प्रतिपिंडांच्या भागाबद्दलच बोलतोय.) तेव्हा 'संभाव्य' म्हणजे "या विषाणूची किंवा त्याच्या एखाद्या जवळच्या भावाची पावती". ज्यांनी लिहिलं त्यांनी एका शब्दात प्रामाणिकपणा ठेवला होता. तो शब्द मथळ्यापर्यंत टिकला नाही, आणि मग गुहा बुजवा, धूर करा, झाडं तोडा अशी भाषा सुरू व्हायला वेळ लागत नाही. वटवाघूळ हाकललं की ते नाहीसं होत नाही, दुसरीकडे जातं, कधी माणसाच्या आणखी जवळ.

आणि माणसापर्यंत यायचं तर वाट लागते. बांगलादेशात ती वाट खजुराच्या कच्च्या रसाची होती : रात्री मडक्याला वटवाघळं तोंड लावतात, सकाळी माणसं तोच रस पितात. आपल्या देशात माणसांमधले उद्रेक नोंदले गेले ते पश्चिम बंगाल आणि केरळमध्ये. महाबळेश्वरात तशी काही वाट आहे का? गुहेत कोण जातं, कशाला जातं, वटवाघळांनी अर्धी खाल्लेली फळं कोण उचलतं? या प्रश्नांना रक्ताची बाटली उत्तर देत नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा विषय घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

गुरांबद्दल थोडक्यात, कारण तुमच्यातल्या अनेकांचा विषय लम्पी आहे. २०२२ मध्ये लम्पी आला, जनावरांचे बाजार बंद झाले, दुधाबद्दल अफवा उठल्या. लम्पी माणसाला होत नाही, अफवा खोट्या होत्या. पण राज्यभर गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस मोठ्या प्रमाणावर दिली गेली, आणि ती याच गटातल्या विषाणूची आहे. आता आटपाडी-माणमधल्या खिलार जनावरांचं रक्त घेऊन तुम्ही प्रतिपिंडं मोजलीत, तर ती रोगाची की लसीची, हे साध्या चाचणीतून वेगळं होणार नाही. लसीकरणाची तारीख आणि कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक हाताशी नसेल तर असा अभ्यास सुरूच करू नये. गाईडने सांगितलं तरी.

मग साताऱ्या-सांगलीत डिस्टेंपरवर काय करता येईल? दोन जिल्ह्यांची तालुकावार टक्केवारी नको. विषाणूला तालुका कळत नाही. जत आणि सांगोल्याच्या सीमेवरचं एकच वीस-पंचवीस गावांचं माळरान घ्या आणि पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर, उन्हाळ्यात असं दोन वर्षं तिथेच परत परत जा. तीच कुत्री ओळखता आली पाहिजेत. फोटो आणि खुणा पुरतात. कोऱ्या पिल्लाच्या रक्तात प्रतिपिंडं कुठल्या महिन्यात उगवतात हे दिसलं तर १०० एकवेळच्या नमुन्यांपेक्षा ते जास्त सांगेल. फक्त अगदी लहान पिल्लाच्या रक्तातली प्रतिपिंडं आईची असतात, पहिले तीनेक महिने ती त्याची स्वतःची समजू नका. मेंढपाळांच्या तळावरची कुत्री वेगळी मोजा. फलटण-माणकडचे कळप पावसाळा संपला की घाट उतरून कोकणात जातात, त्यांच्याबरोबर कुत्रीही. ही फिरती कुत्री पूर्वेचा माळ आणि पश्चिमेचं रान जोडतात की नाही, हा खुला प्रश्न आहे. तो विचारताना मेंढपाळाला गुन्हेगार ठरवायचं नाही. त्याचं कुत्रं मेलं तर लांडग्यापासून मेंढरं राखणार कोण, म्हणून या रोगात नुकसान त्याचंही आहे.

आणि मेलेल्यांची व्यवस्था आधी करा, जिवंतांची नंतर. गाडीखाली सापडलेलं खोकड, उसात मरून पडलेला बिबट्या, बिळाजवळ सुकलेलं पिल्लू. डिस्टेंपरचा विषाणू उन्हात लवकर नष्ट होतो, आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तर फारच लवकर, त्यामुळे बातमी त्याच दिवशी मिळायला हवी. वनरक्षकाकडे तुमचा नंबर हवा, वनखात्याची लेखी परवानगी आधीच हातात हवी (खोकड असो की बिबट्या, परवानगीशिवाय मेलेल्यालाही हात लावायचा नाही), आणि शवविच्छेदन करणारा पशुवैद्य ठरलेला हवा. फुप्फुस, प्लीहा, मूत्राशय आणि मेंदूचे तुकडे बर्फावर. मेंदू रेबीजसाठीही लागतोच, आणि कवटी उघडणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची लस आधी घेतलेली असली पाहिजे. दोन वर्षांत असे आठ-दहाच प्राणी मिळतील. तक्ता लहान दिसेल, मार्गदर्शक कुरकुरतील. पण त्यातल्या एका खोकडाच्या फुप्फुसातून आणि त्याच गावातल्या एका पिल्लाच्या नाकातून विषाणू मिळाला, तर नान्नजच्या निबंधाला जे जमलं नाही ते तुम्हाला विचारता येईल.

गिल्बर्ट यांच्या वाघांच्या निबंधावर पुढे सवडीने लिहीन, त्यातलं गणित जरा वेळ खाणारं आहे. तोवर बेलसरेंचा निबंध मिळवा. तक्ते आधी वाचा, गोषवारा शेवटी.